ऑपरेशननंतर वयस्कर माणसांचं दुखणं : मात्रा, वेळा आणि नेहमी होणाऱ्या चुका

रात्रपाळी (धागाकर्ती)
सत्तरीपुढच्या माणसाच्या ऑपरेशननंतरच्या वेदनेबद्दल इथे दहा धाग्यांत थोडंथोडं लिहिलेलं आहे, ऐन वेळी सापडत नाही. म्हणून हा एक धागा. मोडलेला खुबा, गुडघ्याचा सांधा, हर्निया, पोटाचं मोठं ऑपरेशन, सगळं चालेल. वॉर्डात काम करणाऱ्यांनी, औषधं देणाऱ्यांनी, व्यायाम घेणाऱ्यांनी आकड्यांसकट लिहा. स्वतःच्या कहाण्या नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत. इथली मात्रा वाचून परस्पर गोळी सुरू किंवा बंद करायची नाही, हे एकदाच सांगते.

सुरुवात मोजण्यापासून. "दुखतंय का?" हा सगळ्यांत वाया जाणारा प्रश्न. उत्तर ठरलेलं : "नाही हो, बरं आहे." त्याच माणसाला विचारा, ठणकतंय का? कळ येते का? आग होते? ओढ बसते? अवघडलंय? की मग एकेक बाहेर यायला लागतं. हे शब्द नुसते वेगळे नाहीत, त्यांचे अर्थही वेगळे. ठणका म्हणजे बहुधा जखमेची सूज. कूस बदलताना चमक निघते ती स्नायूची किंवा हाडाची. आग होते, मुंग्या येतात, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, तर नस दुखावली असेल. पोटात थांबून थांबून कळ येते ती टाक्यांची नसून आतड्यांची, गॅसची असू शकते. आणि रग लागली म्हणजे एका कुशीवर फार वेळ ठेवलंय. गोळी नको, कूस बदला. तेव्हा वहीत "दुखतंय" एवढंच लिहू नका, पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा.

दुसरं, आकडा दोनदा घ्यायचा : पडून आणि हालचाल करताना. ० ते १० मध्ये पडून २ आणि खोकताना ८ असेल, तर तो माणूस खोकणारच नाही, कफ साठेल आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया. आकडे जमत नसतील तर "नाही, थोडं, बरंच, सोसवत नाही" हे चार शब्द पुरतात. त्याआधी श्रवणयंत्र कानात आणि चष्मा डोळ्यांवर आहे ना बघा. प्रश्न विचारल्यावर उत्तराला वेळ द्या. पाच सेकंदांत पुढच्या खाटेकडे वळलात तर उत्तर कधीच मिळणार नाही.

भूलथाप
उत्तम सुरुवात. मी मूत्रपिंडाबद्दल लिहितो, कारण मात्रेच्या निम्म्या चुका तिथे होतात.

रिपोर्टात क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.० आलं की सगळे निर्धास्त. पण क्रिअ‍ॅटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि म्हातारपणी स्नायूच झडलेले असतात. गाळणी (मूत्रपिंडाची रक्त गाळायची गती) निम्म्यावर आली तरी आकडा "नॉर्मल" दिसतो. १९७६ पासून वापरात असलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं साधं गणित करून बघा : १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिअ‍ॅटिनिनने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा.

८२ वर्षांची बाई, वजन ४५ किलो, क्रिअ‍ॅटिनिन १.०. १४० वजा ८२ म्हणजे ५८. गुणिले ४५ म्हणजे २६१०. भागिले ७२ म्हणजे ३६. गुणिले ०.८५ म्हणजे मिनिटाला जेमतेम ३१ मिली. रिपोर्ट नॉर्मल, गाळणी तिसाच्या घरात!

आता हिला मॉर्फिन दिलं तर काय होईल? यकृत मॉर्फिनचं रूपांतर करतं आणि त्यातून तयार होणारा एक पदार्थ मॉर्फिनसारखाच, किंबहुना जास्त गुंगी आणणारा असतो. तो लघवीतूनच बाहेर जातो. गाळणी मंद, म्हणून तो साठतो. पहिल्या दोन मात्रांना काही होत नाही, चौथ्या-पाचव्या मात्रेला पेशंट उठत नाही. मॉर्फिन देऊच नये असं नाही. तरुणाच्या मात्रेच्या पाव ते निम्म्याने सुरुवात (तोंडाने २.५ ते ५ मिलिग्रॅम), दोन मात्रांमधलं अंतर वाढवायचं, आणि गाळणी फारच मंद असेल तर फेंटानिलसारखं दुसरं औषध निवडायचं. पेथिडीन (मॉर्फिनच्याच जातीचं) मात्र या वयात नकोच. त्याचा साठणारा अंश झटके आणतो आणि भ्रमही.

मात्रा
गोळ्यांच्या बाजूने मी भर घालते. पाया पॅरासिटामॉलचा. लोकांना ती "तापाची गोळी" वाटते, म्हणून ऑपरेशनच्या दुखण्यावर ती कोणी मनापासून देत नाही. घड्याळ लावून दिली तर बाकीच्या कडक औषधांची (मॉर्फिन, ट्रॅमाडॉल) गरज बऱ्यापैकी घटते.

धडधाकट मोठ्या माणसाला १ ग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला कमाल ४ ग्रॅम. अशक्त, वयस्कर माणसाला बहुतेक ठिकाणी ३ ग्रॅमवर थांबतात. ५० किलोंच्या खाली किलोमागे १५ मिलिग्रॅम हा हिशोब. भूलथाप यांच्या ४५ किलोंच्या बाईला एका वेळी ६७५, म्हणजे व्यवहारात ६५० ची एक गोळी, ६ तासांनी, दिवसाचे २६००. खाणं तुटलेलं असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजचं मद्य असेल तर साधारण २ ग्रॅमच्या आतच.

चूक कुठे होते? ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या गोळीत असतं. तिन्ही वेगवेगळ्या नावांनी चालू असतात आणि बेरीज कोणी करत नाही. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, ब्रँडचं नाव नव्हे. आणखी एक : नियमित पॅरासिटामॉल चालू असताना ताप दबतो. "ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही" हे गणित तेव्हा चालत नाही. नाडी, श्वास आणि जखम बघायची.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक या सूज-वेदनेवरच्या औषधांच्या गटाबद्दल एक हट्टी गैरसमज आहे : सुईने दिलं की पोटाला त्रास नाही. साफ चूक. जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्यं हे औषध रक्तातून पोचून कमी करतं. तोंडाने घ्या, सुईने घ्या, नाहीतर मागून घाला. मूत्रपिंडाचंही तेच. रक्तदाबाची "-प्रिल" किंवा "-सार्टन" शेवट असलेली गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर हे, असं त्रिकूट जमलं की आधीच पाणी कमी पडलेल्या पेशंटची लघवी दोन-तीन दिवसांत आटते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, हृदय कमजोर असेल, अल्सर होऊन गेला असेल किंवा गाळणी ३० च्या खाली असेल तर विषय संपला. बाकीच्यांना द्यायचंच तर लहान मात्रा, ३ ते ५ दिवस, सोबत पोटाची गोळी. सुईने द्यायच्या केटोरोलॅकची पासष्टीपुढची मात्रा १५ मिलिग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला ६० च्या वर नाही, ५ दिवसांच्या वर नाही. तरुणाला ३० देतात म्हणून इथेही ३०, असं करायचं नाही.

निवांत
खूप उपयोगी. एक शंका : डिस्चार्ज कार्डावर "दुखल्यास घेणे" लिहिलेलं असतं. घरी याचा अर्थ काय लावायचा? "दुखल्यास" म्हणजे किती दुखल्यावर?

रात्रपाळी
निवांत, हे दोन शब्दच घात करतात. वयस्कर माणूस मागत नाही. गोळीची सवय लागेल म्हणून, उगाच त्रास कशाला म्हणून, किंवा मागायचं असतं हेच माहीत नसतं म्हणून. सोसवेनासं झाल्यावर मागतो तेव्हा गोळी पोटात जाऊन काम सुरू व्हायला आणखी अर्धा-पाऊण तास. तोवर श्वास वरवर, अंग आखडलेलं.

म्हणून डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या : पहिले दोन-तीन दिवस कोणती गोळी घड्याळाने द्यायची आणि कोणती खरोखर "लागल्यास"? बहुतेकदा उत्तर येतं, पॅरासिटामॉल सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि झोपताना. कडक गोळी फक्त हालचालीचं दुखणं आटोक्यात नसेल तर. हे कार्डावर लिहूनच घ्या.

भूलथाप
याला जोडून : जागतिक आरोग्य संघटनेची तीन पायऱ्यांची शिडी (१९८६; साध्या गोळीपासून चढत कडक औषधापर्यंत) कर्करोगाच्या वेदनेसाठी केली होती, हळूहळू वाढत जाणाऱ्या दुखण्यासाठी. ऑपरेशनचं दुखणं उलटं. पहिल्या दिवशी शिखरावर, मग उतार. त्यामुळे इथे शिडी उतरायची असते. खाली उतरताना पॅरासिटामॉल शेवटी काढायचं, कडक गोळी आधी. घरोघरी नेमकं उलटं होतं. "आता बरं आहे" म्हणून पॅरासिटामॉल बंद, आणि रात्रीची झोप लागते म्हणून ट्रॅमाडॉल चालूच.

पाऊलवाट
व्यायाम घेणाऱ्यांची एक विनंती. गोळीची वेळ आणि उठवण्याची वेळ एकमेकींना बघून ठरवा. तोंडाची गोळी उठवण्याआधी ३० ते ६० मिनिटं. दहा वाजता चालवायचं आणि गोळी जेवणानंतर एकला, असं असेल तर रोज सकाळी नकारच मिळणार. मग कागदावर "पेशंट सहकार्य करत नाही" असं लिहिलं जातं, आणि चूक मात्र वेळापत्रकाची असते.

पोटाला टाके असतील तर उठवताना हात धरून सरळ ओढू नका. गुडघे दुमडायचे, खांदा आणि खुबा एकदमच वळवून कुशीवर यायचं, पाय खाटेखाली सोडायचे, आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर नि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून वर यायचं. पाय खाली जाताना त्यांच्या वजनानेच धड उचललं जातं, पोटावर ताण येत नाही. खाटेच्या कडेवर मिनिटभर बसवा, चक्कर येते का विचारा, मगच उभं करा. (खुब्याचा सांधा बदलला असेल तर कुशीवर वळायचे नियम वेगळे असतात, ते सर्जनकडून घ्या.)

खोकताना छोटी घट्ट उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरायची. उशी पोटाशी कवटाळली की खोकला पोटातून येतो, गळ्यातून नाही. आवाजावरूनच फरक कळतो. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास. गुडघ्याला बर्फ १५-२० मिनिटं, मध्ये कापड ठेवून. त्वचा पातळ असते, थेट लावलात तर फोड येतो.

आणि शून्य वेदना हे उद्दिष्ट ठेवू नका. खोकता यावं, वळता यावं, संडासापर्यंत जाता यावं आणि रात्री सलग तीन-चार तास झोप लागावी, एवढं साधलं की मात्रा बरोबर.

गोळीबंद
शेवटच्या मुद्द्याशी असहमत. "शून्य नको" म्हटलं की लोक औषध हात राखून देतात. म्हाताऱ्यांच्या बाबतीत कमी औषध हीच मोठी चूक आहे, जास्त औषध नव्हे. बाकी ट्रॅमाडॉल सौम्य असतं, ते सरसकट द्यायला हरकत नसावी.

मात्रा
पहिलं अर्धं मान्य. दुसऱ्यावर सक्त हरकत. ट्रॅमाडॉल सौम्य नाही, बेभरवशाचं आहे. त्याचा वेदनाशामक भाग यकृतातलं एक विकर (एन्झाइम) तयार करतं. ते कोणात जन्मतःच कमी, कोणात जास्त. म्हणून एकाला ५० मिलिग्रॅमने काहीच होत नाही आणि शेजारच्या खाटेवरचा दिवसभर गुंगीत. नैराश्याच्या फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिनसारख्या गोळ्या तेच विकर अडवतात. म्हणजे वेदना तर थांबत नाही, वर थरथर, घाम, अस्वस्थता आणि झटक्यांचा धोका. शिवाय ट्रॅमाडॉल रक्तातलं सोडियम उतरवतं. वयस्कर माणूस तिसऱ्या दिवशी भ्रमिष्टासारखा वागायला लागला तर सोडियम बघाच. देताना वयाच्या ७५ पुढे दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर नाही. गाळणी ३० खाली असेल तर १२ तासांचं अंतर आणि २०० ची मर्यादा. सुरुवात २५ पासून.

प्रेगाबॅलिन, गॅबापेन्टिन "नसांसाठी" म्हणून सर्रास जोडतात, त्यावरही हेच. मूत्रपिंडातून जातात, घेरी आणतात, आणि मॉर्फिनच्या जातीच्या औषधाबरोबर श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये याचा स्पष्ट इशारा दिला. झोपेच्या गोळ्यांबद्दलचा तसाच इशारा २०१६ चा. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी एकदम तोडू नका, त्याने वेगळाच गोंधळ होतो. ती चालू आहे हे भूलतज्ज्ञाला ऑपरेशनआधी सांगा.

गोळीबंद
विकराचा मुद्दा पटला. "सरसकट" मागे घेतो.

रात्रपाळी
भ्रमाचा विषय निघालाच आहे तर नीट लिहिते. ओरडणारा, सलाईन उपटणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणारा, छताकडे बघणारा, जेवण समोर ठेवलं तरी हात न लावणारा दिसत नाही. "आज शांत आहेत" अशी नोंद होते. दोन्ही भ्रमच. साधी परीक्षा : आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. शनिवार, शुक्रवार... इथपर्यंत येऊन भरकटला आणि काल नीट म्हणत होता, तर कळवा.

कारण शोधताना आधी ओटीपोट चाचपा. स्पायनल भूल किंवा मॉर्फिननंतर लघवी तुंबते, आणि मूत्राशय तट्ट भरलेला माणूस नुसता तळमळतो. त्याला आणखी वेदनाशामक दिलं की लघवी आणखी तुंबते. मग संडास कधी झाली, ऑक्सिजन, साखर, सोडियम, नवीन कोणती गोळी. खाज किंवा झोपेसाठी दिलेली जुन्या पिढीतली अ‍ॅलर्जीची गोळी या वयात हमखास भ्रम आणते. आणि हो, न शमलेली वेदना हेसुद्धा भ्रमाचं मोठं कारण. औषध जास्त झालं की भ्रम, कमी पडलं तरी भ्रम.

स्मृतिभ्रंशाचा पेशंट सांगू शकत नसेल तर पेनॅड ही मोजणी वापरा (२००३ पासून आहे). पाच गोष्टी : श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर शांत होतो का. प्रत्येकी ० ते २. अंग पुसताना किंवा कूस बदलताना मोजा. आकडा वाढला तर पॅरासिटामॉलची मात्रा देऊन तासाभराने पुन्हा मोजा. उतरला तर ती वेदनाच होती.

भूलथाप
नसेच्या ब्लॉकबद्दल (नसेजवळ सुईने औषध देऊन तो भाग बधिर करणं) थोडक्यात. खुबा मोडलेल्याला मांडीच्या वरच्या भागात दिलेली सुई मॉर्फिनची गरज बरीच कमी करते, शक्यतो ऑपरेशनआधीच द्यावी. एका सुईचा असर साधारण १२ ते २४ तास. घोळ होतो तो उतरताना. संध्याकाळी पेशंट हसत असतो, गोळी नको म्हणतो. पहाटे तीनला ब्लॉक उतरतो आणि दुखणं एकदम अंगावर येतं. म्हणून पाय बधिर असतानाच पॅरासिटामॉल सुरू असलं पाहिजे. बधिर पायावर एकट्याने उभं राहू द्यायचं नाही, शेकायची पिशवी ठेवायची नाही, आणि टाच गादीला टेकू न देता पोटरीखाली उशी द्यायची. बधिर टाचेला जखम होते आणि कळतही नाही.

कडक औषध चालू असताना ऑक्सिमीटरवर विसंबू नका. नळीने ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावला तरी आकडा ९७ दिसत राहतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पण त्याहूनही आधीची खूण म्हणजे गुंगी : हाक मारल्यावर डोळे उघडतो, बोलायला लागतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुन्हा झोपतो. इथे पुढची मात्रा थांबवायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. मिनिटाला १० पेक्षा कमी श्वास असतील तर धावत. पाठीच्या कण्यात मॉर्फिन दिलं असेल तर ही दक्षता २४ तास.

मात्रा
संडास! कोणी लिहिलंच नाही. कडक गोळी ज्या दिवशी सुरू, त्याच दिवशी रेचक सुरू. रात्री सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल, लागलं तर लॅक्टुलोज १५ ते ३० मिली (त्याला एक-दोन दिवस लागतात, लगेच वाढवत सुटू नका). मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी आतड्यांची लाट मंदावते, त्यामुळे इसबगोल इथे उपयोगी नाही; पाणी कमी पडलं तर त्याचाच बोळा होतो.

पाऊलवाट
घरी असताना केव्हा गोळी न वाढवता फोन करायचा : दुखणं रोज उतरत होतं आणि अचानक चढलं, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, खुब्याच्या ऑपरेशननंतर पाय एकाएकी आखूड आणि बाहेर वळलेला, प्लास्टरमध्ये बोटं दुसऱ्याने सरळ केली तरी जीव जाईल असं दुखणं (यात सकाळची वाट बघायची नाही), पोट टणक आणि फुगलेलं.

निवांत
शेवटचं विचारतो. गिळायला त्रास असेल तर गोळी कुटून दिली तर चालते का? आणि रोज गोळ्या देण्यापेक्षा दंडाला पट्टी लावणं सोपं नाही का?

मात्रा
साधी पॅरासिटामॉल कुटून चालते, पातळ औषध मिळत असेल तर ते बरं. पण नावापुढे एसआर, ईआर, सीआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) असं काही असेल तर कुटायची नाही. बारा तासांचं औषध एका तासात अंगात जातं.

फेंटानिलची पट्टी ऑपरेशनच्या ताज्या दुखण्यासाठी नाहीच. असर यायला १२ ते २४ तास, आणि काढली तरी कातडीखाली साठलेलं औषध अर्ध्यावर यायला पाऊण दिवस किंवा जास्त. म्हणजे दुखतं तेव्हा काम करत नाही, आणि दुखणं उतरल्यावर गुंगी आणते. आधीपासून जुन्या दुखण्यासाठी पट्टी चालू असेल तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला दाखवा, नाहीतर कपड्याखाली राहून जाते. तिच्यावर गरम पिशवी, हीटिंग पॅड नको. उष्णतेने औषध झपाट्याने शोषलं जातं. ताप आला तरी तेच, म्हणून तापात पेशंटची गुंगी जास्त वेळा बघा. आणि काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडूनच टाका. वापरलेल्या पट्टीत लहान मुलाचा जीव जाण्याइतकं औषध उरलेलं असतं.